रत्नपरीक्षा आणि साखरपुड्याची अंगठी



यंदाचे स्मृतिव्याख्यान गृहजीवनातील एखाद्या प्रत्यक्ष व्यवहारावर असावे, अशी इच्छा या व्याख्यानमालेच्या चालकांनी प्रकट केली, तेव्हा मी निवडलेला विषय ऐकून काही स्नेह्यांना नवल वाटले. कारण साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा कसा पारखावा हा प्रश्न सराफाच्या पेढीवरचा आहे, व्याख्यानपीठावरचा नव्हे, अशी त्यांची समजूत होती. माझे मत निराळे आहे. जमिनीचा तुकडा घेताना जो गृहस्थ सात-बाराचा उतारा वकिलाकडून तपासून घेतो, वाण्याकडचा तांदूळ तळहातावर चोळल्याखेरीज पोत्याला हात लावू देत नाही, तोच गृहस्थ कित्येक महिन्यांचे वेतन खर्चून घ्यावयाचा हिरा, झगमगत्या दिव्यांखाली, अर्ध्या तासात, दुकानदाराच्या शब्दावर आणि एका छापील कागदावर विसंबून घेतो, ही गोष्ट मला शोचनीय वाटते. जी वस्तू एका माणसाने दुसऱ्याला आयुष्यभराच्या सोबतीची खूण म्हणून द्यावयाची, ती तरी देणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दिलेली असावी, एवढीच आजच्या माझ्या प्रतिपादनामागची कळकळ आहे.

आपल्या विवाहविधीत वाङ्निश्चयाला कुंकू, नारळ, साखर आणि वस्त्र यांचे स्थान जुने आहे. वधूवरांनी परस्परांच्या बोटात अंगठी घालण्याची चाल त्या मानाने अलीकडची, आणि त्या अंगठीत हिराच असावा हा आग्रह तर त्याहूनही अलीकडचा. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन याने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिल्याचा दाखला नेहमी सांगितला जातो. परंतु राजघराण्यातील ही रीत सामान्य पगारदारापर्यंत पोहोचली ती १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचा प्रचंड साठा हाती लागल्यावर, आणि विशेषतः १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने डी बियर्स कंपनीसाठी हिऱ्याच्या शाश्वततेचे जे घोषवाक्य रचले त्याच्या प्रभावाने. चाल अशी परकी असली, तरी हिरा मात्र परका नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविले ते मुख्यतः या देशाने; गोवळकोंड्याचे नाव तर सर्वतोमुखी आहेच, पण आपल्या आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथेही हिऱ्यांची खाण होती, आणि तिची नोंद अबुल फजलने ऐन-ई-अकबरीत केलेली आहे.

जिथे हिरा तिथे त्याची परीक्षा. कौटिल्याने राजकोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगताना हिऱ्याचे गुणदोष नमूद केले आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रपरीक्षेला स्वतंत्र अध्याय दिला. बुद्धभट्टाने रत्नपरीक्षा नावाचा ग्रंथच रचला. आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारातील ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने चौदाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुलासाठी प्राकृतात रत्नपरीक्षा लिहिली. या ग्रंथकारांचे सर्वच म्हणणे आज ग्राह्य धरता येणार नाही. उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो असे वराहमिहिर म्हणतो, परंतु हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२ असल्यामुळे तो तळाशीच जाणार. आणि पांढरा हिरा ब्राह्मणाचा, तांबडा क्षत्रियाचा, पिवळा वैश्याचा, काळा शूद्राचा, ही वाटणी तर रत्नशास्त्राची नसून त्या काळच्या समाजव्यवस्थेची आहे, व ती टाकून देण्यातच आपले हित आहे. पण या शास्त्रकारांचा एक संस्कार मोलाचा आहे. काकपद, बिंदू, रेखा, यव अशी दोषांची नावे ठेवून त्यांनी वाचकाला सांगितले की हिऱ्याची स्तुती ऐकण्यापूर्वी त्याचे दोष शोधा, आणि शोधताना तो हातात फिरवून सर्व बाजूंनी पाहा.

हा संस्कार केवळ पोथीतला नव्हता. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी या देशात वारंवार आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने खाणींवरचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात तो सांगतो की युरोपातील लोक कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहतात, पण हिंदुस्थानी व्यापारी तो रात्री पाहतात. भिंतीत एक कोनाडा करून त्यात दिवा ठेवतात आणि खडा बोटांत धरून त्या एकाच ज्योतीपुढे त्याचे पाणी व त्याचे दोष न्याहाळतात. आणि पाण्यात निळसर झाक आहे की काय याचा संशय आल्यास दाट पानांच्या झाडाखालच्या सावलीत नेऊन पाहतात. या वर्णनाचे मर्म मला फार महत्त्वाचे वाटते. आपले जुने पारखी हिऱ्याला त्याची शोभा वाढविणाऱ्या प्रकाशातून काढून, त्याची लबाडी चालणार नाही अशा प्रकाशात नेत असत. आणि आजच्या दुकानात याच्या नेमके उलट घडते. छताला बसविलेल्या तीक्ष्ण, केंद्रित दिव्यांच्या झोतात वाईट घडणीचा हिराही अग्निकणांसारखा चमकतो, किंबहुना काचही चमकते. म्हणून ग्राहकाने प्रथम करावयाची गोष्ट ही, की हिरा पुसून स्वच्छ करण्यास सांगावे, कारण हिऱ्याला तैलाचे आकर्षण विलक्षण असते, इतके की किंबर्लीच्या खाणींत चरबी माखलेल्या पाटांवरून खडीचा प्रवाह सोडून हिरे तिला चिकटवून घेत, आणि बोटांचा किंचितसा ओशटपणाही त्याचे तेज झाकतो. मग तो खडा दाराजवळ, खिडकीपाशी, उन्हाच्या झोतात नव्हे तर पसरलेल्या मंद उजेडात न्यावा, तळहाताची सावली त्याच्यावर धरावी, आणि तो हळूहळू हलवीत पाहावे. त्या सावलीतही जो सजीव राहतो, ज्याच्यात उजळ व गडद भाग स्पष्ट आकृतीने एकमेकांची जागा घेत राहतात, तो हिरा पुढील विचारास पात्र.

येथे मी माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. बाजारात हिऱ्याचे चार गुण सांगतात: वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलूंची घडण, जिला व्यापारी नुसते ‘कट’ म्हणतात. यांपैकी पहिले तीन भूगर्भाने दिलेले, चौथा मनुष्याच्या हाताचा. आणि हिऱ्याचे तेज, ज्यासाठी आपण त्याला बोटात मिरवितो, ते जवळजवळ सर्वस्वी या चौथ्याच्या स्वाधीन आहे. तरीही ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा, दुसरा रंगाचा, आणि घडणीचा प्रश्न बहुधा विचारीतच नाही.

हा वजनाचा मोह आजचा नाही. होर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने मोगल बादशहाचा ७०० कॅरटांहून जड असा महान खडा घासून सुमारे २८० कॅरटांवर आणला, तेव्हा बादशहाने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट १०,००० रुपये दंड केला, असे ताव्हर्निये लिहितो. बोर्जिओचे काम कसबाचे नव्हते हे खरे. पण दंडामागे गेलेल्या वजनाचे दुःख होते हेही तितकेच खरे. याच दृष्टीने आपल्याकडे हिऱ्याचे वजन राखून त्याचे दोष तेवढे लहानसहान पैलूंखाली झाकण्याची रीत रूढ झाली. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर ठेवला गेला, तेव्हा १८६ कॅरटांच्या त्या जगप्रसिद्ध रत्नाकडे पाहून लोक निराश झाले, कारण ते निस्तेज दिसत होते. पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांकडून ते नव्याने घडविण्यात आले, आणि १०५.६ कॅरट उरले.

महाराष्ट्राच्या मनाला अधिक जवळचे उदाहरण नाशिकच्या हिऱ्याचे. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयातील होता असे परंपरा सांगते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या संपत्तीबरोबर तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनच्या बाजारात गेला. त्या वेळी त्याचे वजन ९० कॅरटांच्या आसपास होते. तेथील जवाहिऱ्यांनी मूळ आकार शक्यतो राखून त्याचे पैलू सुधारले व वजन ८० च्या जवळ आले. परंतु १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो घेतला, आणि पुन्हा घडवून ४३.३८ कॅरटांचा, निर्मळ असा चौकोनी हिरा केला. ज्या रत्नाशी आपल्या इतिहासातील एवढी मोठी हानी जोडलेली आहे, त्याचे अर्धे अंग चूर्ण होऊन गेले या वार्तेने मनाला चटका लागतो, आणि तो लागावाच. जुन्या घडणीलाही इतिहासाचा हक्क असतो. परंतु केवळ पारख म्हणून पाहता विन्स्टनने जो हिशेब केला तो विचार करण्याजोगा आहे: विक्रीवर जगणाऱ्या, एक एक सेंट मोजणाऱ्या व्यापाऱ्याने वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा तेज आणि निर्मळपणा यांच्यासाठी सोडून दिला.

वजन घालवून तेज कसे मिळते, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या जवळपास असल्यामुळे, आतून बाहेर पडू पाहणारा किरण पृष्ठाच्या लंबाशी सुमारे २४.४ अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर तो बाहेर न पडता संपूर्णपणे आत परावर्तित होतो. माथ्यावरून शिरलेला किरण बुडाच्या एका बाजूवर आदळून, तेथून समोरच्या बाजूवर जाऊन, पुन्हा माथ्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यात यावा, अशी पैलूंची योजना साधली की हिरा जिवंत होतो. अँटवर्पच्या प्रख्यात हिरेकारागीर घराण्यातील मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात गोल हिऱ्याच्या या योजनेचे गणित मांडले: माथ्याच्या सपाट पृष्ठाची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या पैलूंचा कल ३४.५ अंश, खालच्या पैलूंचा ४०.७५ अंश. पुढच्या अनुभवाने असे दिसले की चांगल्या घडणीची मापे एकच नसून परस्परांना सांभाळून घेणारी अनेक असू शकतात. पण बुडाचा कल त्या मापाच्या आसपासच राहावा लागतो. बूड उथळ झाले तर प्रकाश तळातून निसटतो आणि माथ्याखाली माशाच्या डोळ्यासारखे पांढुरके कडे दिसते. बूड फार खोल झाले तर मध्यभागी खिळ्याच्या टोपणासारखा काळा डाग बसतो. ही दोन्ही चिन्हे ओळखावयास भिंगाचीही गरज नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या पेढीवर बसून दोन हिरे शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्या कोणाही तरुण-तरुणीला ती पाच मिनिटांत कळतील.

घडणीकडे दुर्लक्ष का होते, याचे कारण वजनाच्या दरात आहे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. १९०७ मध्ये हे माप ठरेपर्यंत शहराशहरांचे कॅरट वेगवेगळे होते. वजन दुप्पट झाले की किंमत दुपटीहून पुष्कळ अधिक होते, हे तत्त्व ताव्हर्नियेने सूत्ररूपाने मांडले आहे: वजनाचा वर्ग करावा आणि एका कॅरटाच्या दराने गुणावे, म्हणजे १५० लिव्हरांच्या दराने १२ कॅरटांचा निर्दोष हिरा २१,६०० लिव्हरांचा. आज हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही, परंतु अर्धा कॅरट, एक कॅरट अशा ठराविक पायऱ्यांवर दर एकदम चढतो, आणि तेथेच ग्राहकाची खरी फसगत होते. ९५ सेंटांत सुंदर उतरला असता असा खडा, पायरी गाठण्यासाठी, कमरेशी, म्हणजे माथा व बूड यांच्या सांध्याशी, जाड ठेवून आणि बूड खोल ठेवून कॅरटभर केला जातो. चांगल्या घडणीचा कॅरटभर गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच वजनाचा खोल बुडाचा हिरा वरून लहान दिसतो, म्हणजे वजनाचे पैसे आपण मोजतो आणि ते वजन अंगठीच्या आत लपलेले राहते. उलट ९५ सेंटांचा नीट घडलेला हिरा व्यासाने पुऱ्या कॅरटाहून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानेच कमी भरतो. म्हणून हिऱ्याचे वजन विचारताच त्याचा व्यास विचारावा. ३० सेंटांच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ४.३ मिलिमीटर असावा; साखरपुड्याच्या अंगठीला एवढा हिरा तेजस्वी असला तर मुळीच उणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंग आणि निर्मळपणा यांविषयी थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत १९३१ मध्ये रॉबर्ट शिप्ले यांनी स्थापन केलेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने १९५० च्या दशकात रंगाची जी श्रेणी रूढ केली ती इंग्रजी ‘डी’ या अक्षराने सुरू होऊन ‘झेड’ पर्यंत जाते. त्यात ‘डी’ पूर्ण वर्णहीन, आणि पुढे पिवळसर झाक वाढत जाते. पांढऱ्या कागदाची घडी करून तीत हिरा पालथा ठेवावा आणि बाजूने पाहावे, म्हणजे झाक डोळ्यांना दिसते; पण अंगठीत जडविल्यावर आपण हिरा वरूनच पाहणार, हे विसरू नये. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात ‘आय’ किंवा ‘जे’ रंगाची झाक सोन्यातच विलीन होते, प्लॅटिनमच्या कोंदणात मात्र ‘जी’ किंवा ‘एच’ घेणे श्रेयस्कर. निर्मळपणा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरवितात. त्याच्या पायऱ्यांत ‘व्हीएस’ वर्गातील हिरा नुसत्या डोळ्यांना बहुधा स्वच्छच दिसतो, आणि ‘एसआय’ वर्गातीलही पुष्कळदा. तेव्हा भिंगाखालच्या निष्कलंकतेसाठी मोठी रक्कम देण्याऐवजी ती घडणीत घालावी. मात्र दोष किती यापेक्षा कोठे आहे हे अधिक पाहावे. माथ्याखाली मधोमध असलेला काळा बिंदू प्रत्येक पैलूत प्रतिबिंबित होतो. आणि कमरेशी पोहोचलेली चीर, जिला जुने ग्रंथकार रेखा म्हणतील, ती हिरा जडविताना किंवा ठोकर लागताच वाढण्याचा संभव असतो. हिरा सर्व पदार्थांहून कठीण, म्हणून तो अभंग, ही समजूत चुकीची आहे. त्याला दुसऱ्या हिऱ्याखेरीज सहसा कशानेही ओरखडा निघणार नाही, पण विशिष्ट दिशांनी आघात झाला तर तो दुभंगतो.

आता प्रमाणपत्राविषयी. प्रयोगशाळेचा कागद हा हमीपत्र नव्हे, मूल्यांकनही नव्हे. तो त्या खड्याविषयी तज्ज्ञांनी दिलेला लेखी अभिप्राय आहे, आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचा काटेकोरपणा सारखा नसतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेने गोल हिऱ्यांच्या घडणीला श्रेणी देण्यास २००६ मध्ये आरंभ केला, म्हणजे रंग व निर्मळपणा यांच्यानंतर अर्ध्या शतकाने. कागदावर घडणीला गौण स्थान मिळाले त्याचे हेही एक कारण असावे. त्या श्रेणीत सर्वोत्तम ठरलेल्या हिऱ्यांतही तारतम्य असते, म्हणून कागद वाचून चार हिरे निवडावे आणि त्यांतला एक डोळ्यांनी निवडावा.

खऱ्याखोट्याची शंका पूर्वी काच आणि पांढरा पुष्कराज यांच्यापुरती होती. आज आपल्या बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जे मिळते ते झिर्कोनियम ऑक्साइडचे कृत्रिम स्फटिक होय. तेवढ्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा ते दीडपटीहून अधिक जड भरते, आणि कोणताही कसबी सराफ ते तत्काळ ओळखतो. मॉइसनाइट हे हिऱ्याचे दुसरे अनुकरण अधिक फसवे आहे, कारण उष्णतेवर चालणारे तपासणीचे साधन त्याला हिराच समजते. पण तिरप्या बाजूने भिंगातून पाहिले असता त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्याची गोष्ट वेगळी. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांना कृत्रिम हिरा करण्यात यश आले, आणि आता सुरतेसारख्या शहरांत असे हिरे विपुल तयार होतात. ते खोटे नव्हेत. त्यांचाही देह शुद्ध कार्बनचा, तेजही तेच, आणि भिंगाने त्यांच्यात व खाणीतल्या हिऱ्यात भेद करता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेची उपकरणे लागतात. परंतु त्यांचा भाव नैसर्गिक हिऱ्याहून फार कमी आहे व तो घसरत आला आहे. ज्याला तेच तेज कमी खर्चात हवे, त्याने असा हिरा खुशाल घ्यावा, त्यात उणेपणा मुळीच नाही. मात्र ती गोष्ट विक्रेत्याने लिहून दिलेली असावी, आणि जिला किंवा ज्याला अंगठी द्यावयाची त्या व्यक्तीला ती आधी सांगितलेली असावी. ज्या संबंधाचा पायाच विश्वास आहे, त्याच्या पहिल्या देवघेवीत एक गोष्ट झाकून ठेवणे मला मान्य होण्यासारखे नाही.

पुष्कळ लोक हिरा हा ठेवा समजून घेतात. सोन्याचा दर रोज जाहीर होतो, वितळविलेले सोने कोणत्याही पेढीवर विकते. हिऱ्याला असा एक दर नाही, आणि दुकानातून घेतलेला हिरा दुसऱ्या दिवशी विकावयास नेला तरी किंमतीत मोठी तूट येते. म्हणून परत घेण्याची बोली असेल तर किती वजावट, पैसे रोख की दुसऱ्या दागिन्याच्या मोबदल्यात, हा तपशील पावतीवर असावा. अंगठीच्या सोन्यावर भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांची ओळखखूण पाहावी. १८ कॅरटाच्या सोन्यावर ७५० हा आकडा असतो, आणि येथे कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्याच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. पावतीत सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, प्रत्येकाचा दर आणि घडणावळ ही स्वतंत्र लिहिलेली असावीत, म्हणजे हिऱ्याचे वजन सोन्यात धरून त्यावर सोन्याचा दर लागला नाही याची खातरजमा होते. शेवटची गोष्ट जडणीची. निवडलेला खडा जडणीसाठी कारागिराकडे जातो आणि आठ-पंधरा दिवसांनी अंगठीत बसून परत येतो. तेव्हा अंगठी ताब्यात घेताना दुकानातलेच भिंग मागून हिऱ्याच्या कमरेवर लेसरने कोरलेला सूक्ष्म क्रमांक प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, तो क्रमांक कोंदणाच्या नखांखाली दडणार नाही अशी सूचना कारागिराला आधीच द्यावी, आणि नखे खड्यावर नीट दाबून बसली आहेत की नाही हे कानाजवळ अंगठी हलकेच ठोकून ऐकावे. सैल खडा आवाज करतो.